पु. ल. देशपांडे

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे (८ नोव्हेंबर १९१९, मुंबई – १२ जून २०००, पुणे) हे मराठी लेखक, नाटककार, विनोदकार, संगीतकार, पेटीवादक, नट आणि चित्रपट दिग्दर्शक होते. 'पु. ल.' या आद्याक्षरांनी आणि 'भाई' या घरगुती नावाने ते महाराष्ट्रात ओळखले जातात. विनोदी लेखक म्हणून त्यांची कीर्ती सर्वाधिक असली, तरी त्यांच्या विनोदाची जडणघडण संगीतातून, विशेषतः हार्मोनियमच्या म्हणजे पेटीच्या सान्निध्यात झाली. पाश्चात्त्य रंगभूमीवर पियानोपाशी बसून गाण्यांतून समाजाची खिल्ली उडवणाऱ्या कलावंतांची जी परंपरा आहे, तिला मराठीत सर्वांत जवळचे उदाहरण म्हणून पु. लं. कडे पाहता येते.

बालपण आणि शिक्षण

पु. लं. चा जन्म मुंबईतील गावदेवी भागातील कृपाळ हेमराज चाळीत झाला. आईचे नाव लक्ष्मीबाई. आईचे वडील वामन मंगेश दुभाषी हे 'ऋग्वेदी' या टोपणनावाने लेखन करीत. रवींद्रनाथ ठाकुरांच्या गीतांजलीचा त्यांनी अभंगवृत्तात अनुवाद केला होता. पुढे कुटुंब जोगेश्वरीस आणि नंतर विलेपार्ले येथे राहावयास गेले. पार्ल्याच्या टिळक विद्यालयात पु. लं. चे शालेय शिक्षण झाले. त्या काळच्या पार्ल्यात व्याख्याने, कीर्तने, गाण्याच्या बैठका आणि नाटके यांची रेलचेल होती. तेथे पाहिलेली माणसे आणि ऐकलेले आवाज त्यांच्या पुढील लेखनात व प्रयोगांत वारंवार येतात.

महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या इस्माईल युसुफ महाविद्यालयात सुरू झाले. त्यांनी कायद्याचाही अभ्यास केला. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून एम. ए. झाले. उमेदीच्या काळात त्यांनी मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आणि बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून काम केले. पहिल्या पत्नीच्या अकाली निधनानंतर १२ जून १९४६ रोजी त्यांचा सुनीता ठाकूर यांच्याशी विवाह झाला.

पेटीची संगत

लहान वयातच पु. ल. पेटी शिकू लागले. दत्तोपंत राजोपाध्ये हे त्यांचे पेटीचे गुरू होते. हार्मोनियम हे मुळात युरोपीय वाद्य. १८४२ मध्ये पॅरिसच्या अलेक्झांडर दबेन यांनी त्याचे स्वामित्वहक्क घेतले. पायाने भाता चालवण्याचे हे वाद्य हिंदुस्थानात आल्यावर हाताने भाता चालवण्याजोगे लहान करण्यात आले आणि वादक जमिनीवर मांडी घालून ते वाजवू लागला. मराठी मुलखात ते संगीत नाटकातून, कीर्तनातून, भजनी मंडळातून आणि शाळेतल्या प्रार्थनेतून घराघरांत पोचले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादक-संगीतकारांनी त्यास प्रतिष्ठा मिळवून दिली.

शास्त्रीय संगीताच्या क्षेत्रात मात्र पेटीबद्दल दीर्घकाळ वाद होता. तिचे स्वर ठरावीक असतात, दोन स्वरांमधली मींड किंवा सूक्ष्म श्रुती तिच्यातून निघत नाहीत, हा मुख्य आक्षेप होता. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी ती साथीपुरती शिथिल केली. पु. ल. १९५५ मध्ये आकाशवाणीच्या सेवेत दाखल झाले, तेव्हा ही बंदी लागू होती. महाराष्ट्रातील एक लोकप्रिय पेटीवादक ज्या संस्थेत नोकरी करीत होता, त्याच संस्थेत त्याच्या वाद्याला मज्जाव होता.

विनोदी सादरीकरणाच्या दृष्टीने पेटीची ठेवण उपयोगी ठरते. डावा हात भात्यावर आणि उजवा पट्ट्यांवर असतो. तोंड मोकळे आणि नजर श्रोत्यांकडे राहते. बोलता बोलता सूर धरावा, एखाद्या गवयाची लकब दाखवावी, मध्येच थांबून शेरा मारावा आणि पुन्हा समेवर यावे, हे त्यामुळे सहज साधते. पियानो रंगमंचावर स्वतःची जागा व्यापून बसतो. पेटी मात्र श्रोत्यांच्याच बैठकीत मांडलेली असते. पु. लं. च्या विनोदातला घरगुतीपणा आणि या वाद्याचा घरगुतीपणा यांचा असा मेळ बसला.

चित्रपट आणि संगीत

१९४७ च्या 'कुबेर' या चित्रपटात पु. लं. नी भूमिका केली. 'वंदे मातरम्' (१९४८), 'पुढचे पाऊल' (१९५०) इत्यादी चित्रपटांशीही ते निगडित होते. 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटाचे लेखन, संगीत व दिग्दर्शन त्यांचे होते आणि प्रमुख भूमिकाही त्यांचीच होती. त्यामुळे 'सबकुछ पु. ल.' हा शब्दप्रयोग रूढ झाला. याच चित्रपटासाठी भीमसेन जोशी यांनी गायिलेला 'इंद्रायणी काठी' हा अभंगवजा गीतप्रकार आणि 'देवबाप्पा' (१९५३) मधील आशा भोसले यांचे 'नाच रे मोरा' हे बालगीत, या दोन्ही ग. दि. माडगूळकरांच्या रचनांना पु. लं. चे संगीत आहे. एक भक्तीचे, दुसरे मुलांच्या खेळाचे; दोन्ही आजही गायिली जातात. विडंबन करण्यासाठी मूळ प्रकार आतून माहीत असावा लागतो. नाट्यसंगीत, भावगीत, कीर्तन व लावणी यांची थट्टा पु. ल. करू शकले, कारण त्या प्रकारांत ते स्वतः गंभीरपणे रचना करू शकत होते.

उपहासाची रंगभूमी

पु. लं. च्या उपहासात्मक नाट्यलेखनाची सुरुवात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत झाली. 'अंमलदार' (१९५२) हे निकोलाय गोगोल यांच्या रशियन नाटकाचे रूपांतर असून त्यात सरकारी नोकरशाहीची टर उडवली आहे. 'पुढारी पाहिजे' या लोकनाट्यात तमाशाच्या गण, गौळण, वग या बांधणीचा उपयोग करून नव्या राजकीय पुढाऱ्यांवर टीका केली आहे. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने त्याचे प्रयोग केले.

बीबीसीतील प्रशिक्षणानंतर १९५९ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या दूरदर्शनचे ते आरंभीचे निर्माते होते. दूरदर्शनसाठी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांची पहिली मुलाखत त्यांनी घेतली. त्यानंतर नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखन व प्रयोग यांकडे वळले.

१९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बटाट्याची चाळ' या पुस्तकाचे त्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी एकपात्री प्रयोग सुरू केले. गिरगावातील एका काल्पनिक चाळीतले डझनावारी रहिवासी ते एकटेच उभे करीत. पुस्तकातील 'संगीतिका' या प्रकरणात चाळकऱ्यांच्या सांगीतिक हौसेची थट्टा आहे, तर गच्चीच्या आंदोलनाच्या प्रकरणात संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील घोषणांचे विडंबन आहे. ही चळवळ ऐन भरात असताना आणि तिच्याशी वाचकांच्या भावना जोडलेल्या असताना हे विडंबन लिहिले गेले आणि वाचकांनी ते आनंदाने स्वीकारले. 'वाऱ्यावरची वरात' हा प्रयोग अनेक कलावंतांचा होता. त्यात गाणी, नकला आणि प्रसंग यांची गुंफण होती. 'असा मी असामी' (१९६४) हे बदलत्या काळात गोंधळलेल्या एका कारकुनाचे काल्पनिक आत्मचरित्र असून त्याचेही एकपात्री प्रयोग झाले.

या प्रयोगांची व्यवस्था सुनीताबाई पाहत. वेळ, ध्वनियोजना व हिशेब यांबाबत त्या काटेकोर होत्या. मिळालेल्या उत्पन्नातून पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान स्थापन करून सामाजिक संस्थांना साहाय्य करण्यात आले. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र (१९८६) हे त्याचे एक ठळक उदाहरण होय.

'तीन पैशाचा तमाशा'

उपहासात्मक गीतांच्या जागतिक परंपरेशी पु. लं. चा थेट संबंध 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) या नाटकातून येतो. इंग्लंडमध्ये जॉन गे यांनी १७२८ मध्ये भिकारी व चोर यांच्या तोंडी लोकप्रिय चालींवरची गाणी घालून राज्यकर्त्यांची थट्टा करणारी संगीतिका लिहिली. तिच्या आधारे १९२८ मध्ये बर्लिनमध्ये बेर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांनी नवी संगीतिका रचली. पु. लं. नी ब्रेख्तची ही कृती तमाशाच्या अंगाने मराठीत आणली. पुण्याच्या थिएटर अकादमीने जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली ती सादर केली. नंदू भेंडे, माधुरी पुरंदरे आदी कलावंतांनी तिच्यात भूमिका केल्या. लावणी, नाट्यसंगीत आणि पाश्चात्त्य रॉक संगीत अशा भिन्न शैली या नाटकात एकत्र आल्या. भांडवल, पोलीस व गुन्हेगारी यांचे साटेलोटे हा मूळ विषय आणीबाणीनंतरच्या मराठी प्रेक्षकाला परका वाटला नाही.

युरोप-अमेरिकेत याच शतकात नोएल कॉवर्ड, मायकेल फ्लँडर्स व डोनाल्ड स्वान ही जोडी आणि टॉम लेहरर यांनी पियानोच्या साथीने उपहासगीते लोकप्रिय केली. या कलावंतांत आणि पु. लं. मध्ये एक फरक आहे. त्यांची उपहासगीते स्वतंत्र रचना म्हणून टिकली, पु. लं. चे संगीतातले विडंबन बहुतांशी निवेदन, नक्कल आणि प्रसंग यांच्या आश्रयाने येते. कीर्तनाच्या उत्तररंगात आख्यान आणि गायन जसे एकमेकांत मिसळतात, तशी ही मांडणी आहे.

सत्तेशी संघर्ष

१९७४ मध्ये इचलकरंजी येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे पु. ल. अध्यक्ष होते. पुढील वर्षी आणीबाणी लागू झाली. तिला त्यांनी विरोध केला आणि १९७७ च्या निवडणुकीत जाहीर सभांतून आणीबाणीविरोधी पक्षांचा प्रचार केला. तोवर केवळ हसवणारा लेखक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पु. लं. च्या सभांना मोठी गर्दी होई. निवडणुकीनंतर त्यांनी कोणतेही राजकीय पद स्वीकारले नाही. जयप्रकाश नारायण यांच्या तुरुंगातील रोजनिशीचा 'स्वगत' हा मराठी अनुवाद त्यांनी केला.

१९९६ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुरू केलेला 'महाराष्ट्र भूषण' हा पुरस्कार सर्वप्रथम पु. लं. ना देण्यात आला. प्रकृती ढासळलेली असतानाही त्यांनी त्या प्रसंगीच्या मनोगतातून तत्कालीन सत्ताधाऱ्यांच्या दंडेलशाहीबद्दल नापसंती व्यक्त केली. त्यावर शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांनी जाहीरपणे तिखट टीका केली आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. सन्मान देणाऱ्या शासनावर टीका करावी की करू नये, हा त्या वादाचा मुख्य मुद्दा होता. पु. लं. नी आपले मत मागे घेतले नाही.

विदर्भाशी संबंध

नागपुरात वाढलेले आणि शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले गायक वसंतराव देशपांडे (१९२०–१९८३) हे पु. लं. चे निकटचे मित्र होते. दोघांच्या खासगी मैफलींत वसंतरावांचे गाणे आणि पु. लं. ची पेटी असे. नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागातील सभागृहास वसंतरावांचे नाव देण्यात आले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथील बाबा आमटे यांच्या आनंदवनाशीही पु. ल. व सुनीताबाई यांचा दीर्घकाळ स्नेह होता. मुंबईकर, पुणेकर व नागपूरकर यांपैकी कोण व्हावे, या विषयावरील त्यांचे विनोदी कथन तीनही शहरांच्या स्वभावांवर आधारलेले आहे. ज्यांची थट्टा त्यात केली आहे, तेच लोक ते आवडीने ऐकतात.

सन्मान

'व्यक्ती आणि वल्ली' या व्यक्तिचित्रसंग्रहासाठी पु. लं. ना १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पद्मश्री (१९६६), संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६७), कालिदास सन्मान (१९८७) व पद्मभूषण (१९९०) हे त्यांना मिळालेले अन्य सन्मान होत.

टीका आणि मूल्यमापन

पु. लं. चा विनोद पांढरपेशा मध्यमवर्गाच्या परिघात राहतो आणि गतकाळाच्या आठवणींत रमतो, असा आक्षेप समीक्षकांनी घेतला आहे. दलित व ग्रामीण साहित्याच्या उदयानंतर हा आक्षेप अधिक ठळक झाला. चाळ, पेटी, नाट्यसंगीत आणि कीर्तन यांचे जग ज्यांनी पाहिलेच नाही, त्यांना त्यातील अनेक खोचा उमगत नाहीत, हेही खरे आहे. तथापि 'पुढारी पाहिजे' व 'तीन पैशाचा तमाशा' या कृतींचा विचार या आक्षेपात पुरेसा होत नाही, असे म्हणता येते.

त्यांच्या सादरीकरणाचे आकर्षण टिकून राहण्यास काही कारणे आहेत. त्यांच्या विनोदाचे लक्ष्य व्यक्तीपेक्षा व्यक्तीचा आव हे असते. आव काळाप्रमाणे वेश बदलतो, पण नाहीसा होत नाही. थट्टा करणारा स्वतःलाही त्या गर्दीतलाच एक मानतो, म्हणून ऐकणारा दुखावत नाही. तिसरे कारण सुरांचे आहे. त्यांच्या बोलण्याला लय, विराम आणि सम असल्यामुळे पाठ झालेला विनोदही गाण्याप्रमाणे पुन्हा ऐकावासा वाटतो. ध्वनिफिती व नंतर महाजाल यांमुळे प्रयोग थांबल्यावरही हे आवाज नव्या श्रोत्यांपर्यंत पोचले.

निधन आणि स्मृती

अखेरची काही वर्षे पु. ल. कंपवाताच्या विकाराने आजारी होते. ज्या बोटांनी पेटी वाजवली, त्यांवरचाच ताबा या आजाराने कमी होत गेला. १२ जून २००० रोजी, विवाहाच्या ५४ व्या वाढदिवशी, पुण्यात त्यांचे निधन झाले. सुनीताबाईंचे निधन २००९ मध्ये झाले.

मुंबईच्या प्रभादेवी भागातील शासकीय कला अकादमीस आणि पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील जपानी शैलीच्या उद्यानास पु. लं. चे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या जीवनावर महेश मांजरेकर यांनी दिग्दर्शित केलेला 'भाई: व्यक्ती की वल्ली' हा चित्रपट २०१९ मध्ये दोन भागांत प्रदर्शित झाला. ८ नोव्हेंबर २०२० रोजी गूगलने त्यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त मुखपृष्ठावर खास चित्र प्रसिद्ध केले. त्यात पु. ल. पेटी वाजवताना दाखवले आहेत.