मिशीवाला राजा आणि दुधारी पाते

एके काळी या माणसाचा चेहरा भल्याभल्या राजेमहाराजांपेक्षा अधिक घरांत पोचलेला होता. दाट मिशा, नीट विंचरलेले केस, ताठ कॉलर आणि सोबत झोकदार सही. चिमुकल्या कागदी वेष्टनावर छापलेला हा चेहरा न्हाणीघराच्या कोनाड्यात असे, आरशामागे असे, सैनिकाच्या पिशवीत आणि प्रवाशाच्या ट्रंकेतही असे. पाते बोथट झाले की वेष्टन टाकून दिले जाई आणि नवे उघडले की तोच चेहरा पुन्हा समोर येई. त्याचे नाव किंग कॅम्प जिलेट. ‘किंग’ ही पदवी नव्हे, नावच. वडिलांच्या एका न्यायाधीश मित्राच्या आडनावावरून ते ठेवलेले होते. गंमत अशी, की साऱ्या जगाला घरच्या घरी दाढी करायला शिकवणारा हा गृहस्थ स्वतः मात्र मिशी राखून होता.

जिलेटचा जन्म ५ जानेवारी १८५५ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, फाँ दु लाक या गावी झाला. पुढे कुटुंब शिकागोला गेले. वडिलांचा लोखंडी सामानाचा व्यापार होता आणि काही ना काही नवी युक्ती काढण्याचा नादही होता. आई हिशेबी आणि कामाची शिस्त पाळणारी. तिने तयार केलेले पाककृतींचे पुस्तक १८८७ साली निघाले आणि पुढे कित्येक वर्षे अमेरिकी स्वयंपाकघरांत वापरले गेले. १८७१ च्या ऑक्टोबरात शिकागोला भीषण आग लागली आणि त्या आगीत घरचा धंदा भस्मसात झाला. मुलांना आपापली वाट शोधणे भाग पडले. किंग फिरता विक्रेता झाला. गावोगाव हिंडायचे, दुकानदारांना माल पटवायचा आणि रात्री परक्या गावच्या खोलीत नव्या यंत्राची चित्रे काढत बसायचे, असे त्याच्या तरुणपणाचे दिवस गेले. त्याने काही पेटंटेही मिळवली; पण त्यांतून फारसे हाती लागले नाही.

सतत फिरणाऱ्या माणसाला जग जवळून दिसते. जिलेटला दिसले ते असे, की एकाच वस्तूसाठी दहा कंपन्या एकमेकींचे गळे धरतात, त्यात अफाट श्रम वाया जातात आणि गरीब गरीबच राहतो. १८९४ साली त्याने ‘द ह्यूमन ड्रिफ्ट’ नावाचे पुस्तक लिहिले. साऱ्या जनतेच्या मालकीची एकच मोठी कंपनी असावी, स्पर्धा संपावी आणि नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणाऱ्या एकाच महानगरात कोट्यवधी लोकांनी सुखाने राहावे, असे त्याचे स्वप्न होते. पुढे भांडवलशाहीचा नमुना म्हणून ज्याचे नाव घेतले जाणार होते, त्याने आधी भांडवलशाहीच मोडायचे पुस्तक लिहिले होते!

त्या सुमारास तो विल्यम पेंटर या संशोधकाच्या कंपनीत नोकरीला होता. सोड्याच्या बाटलीला बसणारे पत्र्याचे दातेरी बूच पेंटरनेच काढलेले. बाटली उघडली की बूच फेकायचे आणि पुढच्या बाटलीला नवे, त्यामुळे मागणी कधी संपतच नसे. एकदा वापरून टाकावी आणि पुन्हा घ्यावी लागेल अशी एखादी वस्तू शोध, असा सल्ला पेंटरने जिलेटला दिला. हा सल्ला त्याच्या डोक्यात घर करून बसला. १८९५ साली एका सकाळी, बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनमध्ये दाढीला बसला असता वस्तरा अगदी बोथट झाल्याचे त्याला दिसले. तो नुसता चामड्यावर फिरवून भागणार नव्हता, धार लावणाऱ्याकडेच न्यायला हवा होता. त्याच वेळी त्याला सुचले, की धार हवी असते ती फक्त कडेला. मग एवढे जाड पोलाद कशाला? पातळ पत्र्याला दोन्ही कडांनी धार लावावी, दोन पट्ट्यांमध्ये धरावी आणि बोथट झाली की टाकून द्यावी.

त्या काळी आपल्याकडे दाढीची व्यवस्था कशी होती, तेही पाहायला हवे. आजचा हिंगोली जिल्हा १९९९ साली परभणीतून वेगळा झाला; तेव्हा हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात होता. गावात वारीक असे. त्याच्या धोकटीत वस्तरा, वाटी, कात्री, नराणी, आरसा आणि धार लावायचा चामड्याचा पट्टा. तो ठरल्या दिवशी येई आणि मोबदला सुगीला बलुत्याच्या रूपाने धान्यात मिळे. नामदेवांची नर्सी याच जिल्ह्यातली, आणि वारकरी संतांच्या मांदियाळीत सेना न्हावी मानाने बसलेले. शीख पंथाच्या गुरू ग्रंथ साहिबात या दोघांच्याही नावाची पदे आहेत. पण या व्यवस्थेला काळी बाजूही होती. गावकीच्या धाकाने न्हाव्याचा वस्तरा अस्पृश्य मानलेल्या घरांपर्यंत पोचतच नसे. साताऱ्यात लहानपणी बाबासाहेब आंबेडकरांचे केस कापायला न्हावी तयार होत नसत. ते काम त्यांची थोरली बहीण करी. जिलेटच्या डोक्यात ती कल्पना आली, तेही हेच दशक. आपले हत्यार आपल्याच हातात असणे हा सगळ्यांसाठी नुसता सोयीचा मामला नव्हता, हे यावरून ध्यानात यावे.

कल्पना सुचली, पण पाते काही तयार होईना. इतक्या पातळ पोलादाला पाणी देऊन धार लावता येणार नाही, असे जाणकारांनी सांगितले. सहा वर्षे अशीच गेली. अखेर १९०१ मध्ये विल्यम निकरसन हा इंजिनिअर येऊन मिळाला आणि त्याने पाते कडक करण्याची व धार लावण्याची यंत्रे घडवली. इंग्रजीत ‘निक’ म्हणजे बारीकशी खोच किंवा कापल्याची खूण. दाढीच्या यंत्राला असे नाव शोभले नसते, म्हणून कंपनीला जिलेटचेच नाव मिळाले, असे गमतीने सांगतात.

विक्री सुरू झाली १९०३ साली. योगायोग असा, की त्याच वर्षी हैदराबाद कंटिंजंट ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली आणि हिंगोलीची जुनी लष्करी छावणी उठली. जिलेटने त्या वर्षी विकले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. दुसऱ्या वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ रोजी पेटंट मिळाले. रेझरची किंमत ५ डॉलर, म्हणजे कामगाराच्या आठवड्याच्या मजुरीच्या जवळजवळ निम्मी. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी ३५ लाख रेझर घेतले. विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायचा, तर दाढी गुळगुळीत हवी होती. युद्ध संपले आणि लाखो तरुण ही सवय घेऊन घरी परतले. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपली, तेव्हा कंपनीने नवा नमुना काढला आणि जुना एका डॉलरला विकायला सुरुवात केली.

पैसा आला, तरी जिलेटचे स्वप्न सुटले नव्हते. १९१० साली त्याने ‘वर्ल्ड कॉर्पोरेशन’ची योजना मांडली आणि तिचे अध्यक्ष व्हावे म्हणून अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना १० लाख डॉलर देऊ केले. त्यांनी नकार दिला. १९२४ मध्ये लेखक अप्टन सिंक्लेअरच्या मदतीने त्याने आणखी एक पुस्तक काढले. जगाने त्याची पाती भराभर उचलली, विचार मात्र वेष्टनासारखे बाजूला टाकले.

शेवट सुखाचा झाला नाही. कंपनीवरचा ताबा त्याने आधीच बराचसा सोडला होता. १९२९ च्या मंदीत शेअर कोसळले. एका प्रतिस्पर्धी कंपनीशी विलीनीकरण करताना हिशेबात नफा फुगवून दाखवल्याचे उघड झाले. कॅलिफोर्नियातल्या जमिनी आणि प्रशस्त घर यांतही पैसा अडकला होता. ९ जुलै १९३२ रोजी जिलेट वारला, तेव्हा त्याच्या संपत्तीतले फारच थोडे उरले होते. लॉस एंजेलिसजवळचे त्याचे ते रँच आता सार्वजनिक उद्यान आहे. कोणीही तिथे फेरफटका मारू शकतो. साऱ्यांच्या मालकीचे जग मागणाऱ्या माणसाचे एवढे मागणे तरी पुरे झाले म्हणायचे.

त्याच्या मागे त्याच्या कंपनीने एक नामी वस्तू घडवली. १९५८ च्या सुमारास अमेरिकेत ॲडजस्टेबल रेझर बाजारात आला. मुठीच्या वरच्या टोकाशी एक ते नऊ आकड्यांची फिरती कडी. ती फिरवली की पाते आणि खालची संरक्षक पट्टी यांतले अंतर कमी-जास्त होते. एकवर कोवळ्या कातडीची हलकी दाढी, नऊवर चार दिवसांचे राठ खुंट. मुठीचे टोक फिरवले की वरची दोन झाकणे फुलासारखी उघडतात. जाडजूड मुठीच्या एका नमुन्याला शौकिनांनी ‘फॅटबॉय’ नाव दिले. त्यानंतरचा सडपातळ तो ‘स्लिम’. संग्राहक यांच्या डोक्याच्या खालच्या बाजूला कोरलेले अक्षर आधी पाहतात, कारण त्यावरून वर्ष कळते: ‘ई’ म्हणजे १९५९, ‘एफ’ म्हणजे १९६०. जुन्या ट्रंकेत असा एखादा सापडलाच, तर राखेने घासू नये. कोमट साबणपाणी आणि जुना दात घासायचा ब्रश पुरतो. वापरायचा झाल्यास कडी एक-दोनवर ठेवून सुरुवात करावी आणि हात दाबू नये. रेझरचे वजनच काम करते. वापरलेली पाती मुलांच्या हाती लागू नयेत म्हणून पत्र्याच्या डबीत साठवावीत.

शंभर वर्षांपूर्वीच्या जिलेटच्या रेझरमध्ये आज किराणा दुकानातले साधे दुधारी पाते बसते. ‘वापरा आणि टाका’ या रीतीचा जनक म्हणून ज्याला नावे ठेवली जातात, त्याच्या वस्तूचा अर्धा भाग टाकायचा होता हे खरे. पण उरलेला अर्धा जन्मभर टिकायचा होता. पुढे प्लास्टिकच्या मुठी आल्या आणि पात्याबरोबर मूठही कचऱ्यात जाऊ लागली. म्हणून आजोबांचा जड रेझर नातवाच्या हाती येतो, तेव्हा तो नुसता छंद राहत नाही. कुठली गोष्ट टाकायची आणि कुठली सांभाळायची, याचा तो रोज सकाळचा धडा असतो.