एक बेट, दोन देश आणि एक सेनानी

कॅरिबियन समुद्रातील बेटांत हिस्पानिओलाचा क्रम क्यूबाच्या खालोखाल लागतो. सुमारे ७६ हजार चौरस किलोमीटरांच्या या बेटाचा पश्चिमेकडील एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भाग हैतीचा, उरलेला पूर्व भाग डोमिनिकन प्रजासत्ताकाचा. निसर्गाने ही वाटणी केलेली नाही. मध्यवर्ती पर्वतरांग सीमा ओलांडून एका देशातून दुसऱ्या देशात जाते; आर्तिबोनित नदी डोमिनिकन डोंगरांत उगम पावते आणि हैतीची शेते भिजवून समुद्राला मिळते. वाटणी केली ती युरोपातील राजदरबारांनी. १४९२ मध्ये कोलंबस येथे उतरला. पुढच्या काही दशकांत मूळचे ताइनो लोक युद्ध, वेठ आणि रोगराई यांना बळी पडले. १६९७ च्या रिझविकच्या तहाने स्पेनने पश्चिम भागावरील फ्रान्सचा ताबा मान्य केला आणि बेट दुभंगले. ही रेघ पुसण्याचे धाडस पुढे ज्याने केले, तो तूसाँ लूव्हर्त्यूर जन्माने गुलाम होता.

पश्चिमेकडील फ्रेंच वसाहतीचे नाव सँ-दोमँग. साखर आणि कॉफी यांच्या जोरावर ती जगातील सर्वांत किफायतशीर वसाहत ठरली होती. १७८९ च्या सुमारास तेथे गोऱ्यांची वस्ती तीस हजारांच्या आसपास, मिश्रवर्णीय व कृष्णवर्णीय मुक्त नागरिकांची संख्या जवळपास तेवढीच, आणि गुलाम मात्र सुमारे पाच लाख होते. पूर्वेकडील स्पॅनिश भागात वस्ती विरळ होती आणि गुरे पाळणे हा तेथील मुख्य व्यवसाय होता. एकाच बेटावर दोन भिन्न अर्थव्यवस्था नांदत होत्या, हे तूसाँचे चरित्र वाचताना विसरून चालत नाही.

तूसाँचा जन्म १७४३ च्या सुमारास, उत्तरेकडील ब्रेदा मळ्यावर झाला. गुरांची व घोड्यांची देखभाल करता करता त्याने अश्वविद्या आणि वनौषधींचे ज्ञान संपादन केले. १७७६ पूर्वीच त्याला मुक्तता मिळाली होती. काही काळ कॉफीचा मळा खंडाने घेऊन चालवताना त्याच्या हाताखालीही गुलाम राबत होते. चरित्रकारांना अडचणीचा वाटावा असा हा तपशील आहे. पण त्याच्या पुढील राजवटीचे कोडे उलगडायला तो उपयोगी पडतो.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मळे पेटले. तूसाँ त्या उठावात सामील झाला आणि १७९३ मध्ये स्पेनच्या बाजूने लढू लागला. वाट मोकळी करणारा, असा अर्थ सुचवणारे लूव्हर्त्यूर हे नाव त्याने याच काळात धारण केले. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी फ्रान्सच्या क्रांतिकारी संसदेने गुलामगिरी रद्द केली. त्याच वर्षी तूसाँ फ्रेंच प्रजासत्ताकाच्या बाजूस आला. स्पेन आणि ब्रिटन हे दोघेही गुलामगिरी टिकवू पाहत होते. १७९८ मध्ये त्याने ब्रिटिश सैन्याला बेट सोडायला लावले आणि १८०० पर्यंत दक्षिणेतील प्रतिस्पर्धी रिगो याचाही पाडाव केला.

१७९५ च्या बाझेलच्या तहाने स्पेनने आपला पूर्व भाग फ्रान्सला देऊन टाकला होता. पण तो तह कागदावरच राहिला होता. पॅरिसची संमती नसताना तूसाँने जानेवारी १८०१ मध्ये सांतो दोमिंगो शहरात प्रवेश केला आणि सारे बेट एका सत्तेखाली आणले. जुलै १८०१ च्या त्याच्या संविधानाने संपूर्ण बेटावर गुलामगिरी कायमची नष्ट झाल्याचे जाहीर केले. त्याच संविधानाने तूसाँला तहहयात गव्हर्नर केले.

येथे त्याच्या आयुष्यातील खरा पेच सुरू होतो. शस्त्रे विकत घ्यायची तर निर्यात हवी, निर्यात हवी तर ऊस आणि कॉफी हवी, आणि त्यासाठी मळे चालले पाहिजेत, असा त्याचा हिशेब होता. म्हणून ऑक्टोबर १८०० च्या फर्मानाने त्याने मुक्त झालेल्या मजुरांना लष्करी शिस्तीने मळ्यांवर बांधून टाकले. लहान तुकड्यांच्या खरेदी-विक्रीवर बंदी घातली. मजुराला उत्पन्नाचा वाटा मिळे, पण मळा सोडून जाण्याची मुभा नव्हती. ज्याला स्वातंत्र्य म्हणजे स्वतःची जमीन असे वाटत होते, त्याला ही जुन्याच धन्याची नवी आवृत्ती वाटली तर नवल नव्हे. ऑक्टोबर १८०१ मध्ये उत्तरेतील मजुरांनी बंड केले. त्याचा दोष तूसाँने पुतण्या मानलेल्या सेनापती मोईझवर ठेवला आणि त्याला गोळ्या घालवल्या. संकट दाराशी असताना ज्यांच्या बळावर तो उभा होता, त्यांच्याच मनात त्याने दुरावा निर्माण केला.

ते संकट १८०२ च्या आरंभी आले. नेपोलियनने आपला मेहुणा लक्लेर्क याच्या हाताखाली प्रचंड आरमार धाडले. एकेक सेनानी फ्रेंचांना मिळाला. मे महिन्यात तूसाँनेही शस्त्रे खाली ठेवली. जूनमध्ये त्याला भेटीस बोलावून कैद करण्यात आले आणि फ्रान्सला नेऊन जुरा पर्वतातील जू किल्ल्यात डांबण्यात आले. तेथील थंडीत, ७ एप्रिल १८०३ रोजी त्याचा अंत झाला. इकडे इतर वसाहतींत गुलामगिरी पुन्हा सुरू झाल्याच्या बातमीने बेट पुन्हा पेटले आणि १ जानेवारी १८०४ रोजी देसालीनने हैतीचे स्वातंत्र्य जाहीर केले. मुक्तीचे काम त्याच्यावाचूनही तडीस गेले.

एकीकरणाचे मात्र तसे झाले नाही. हैतीचा अध्यक्ष बॉयेर याने १८२२ मध्ये बेट पुन्हा एक केले आणि पूर्वेतील गुलामगिरी संपवली. परंतु फ्रान्सने १८२५ मध्ये मान्यतेच्या मोबदल्यात १५ कोटी फ्रँकांची खंडणी लादली होती. पुढे ती कमी झाली, तरी तिचा भार करांच्या रूपाने दोन्ही भागांवर पडला. १८२६ च्या कायद्याने शेतमजूर पुन्हा मळ्याला जखडला गेला. २७ फेब्रुवारी १८४४ रोजी पूर्व भाग वेगळा झाला. पुढे १९३७ मध्ये त्रुहियोच्या सैन्याने सीमेलगत हजारो हैतीयनांची कत्तल केली. २०१३ मध्ये डोमिनिकन घटना न्यायालयाच्या निकालाने हैतीयन वंशाच्या असंख्य लोकांचे नागरिकत्व हिरावले गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये तर सीमेवरील नदीच्या एका कालव्यावरून सीमाच बंद करण्यात आली.

तूसाँच्या थोरवीविषयी वाद नाही. गुलामांची फौज घेऊन तीन युरोपीय सत्तांशी टक्कर देणारा असा सेनानी इतिहासात दुसरा दाखवता येणार नाही. पण नकाशावरची रेघ पुसताना मळ्यावरचा जमीनदार आणि मजूर यांच्यामधील रेघ त्याने जिथल्या तिथे राहू दिली, आणि बॉयेरनेही तेच केले. जे ऐक्य कसणाऱ्याच्या पदरात काही टाकत नाही, ते सैन्याच्या मुक्कामापुरतेच टिकते. एका नदीचे पाणी पिणारे हे दोन देश आजही त्याची किंमत मोजत आहेत.