केनेडींची पाठदुखी आणि स्नायूंची ताकद

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी (१९१७-१९६३) छायाचित्रांत तरुण आणि तडफदार दिसतात. प्रत्यक्षात पाठदुखीने त्यांची पाठ कधी सोडली नाही.

दुसऱ्या महायुद्धात १९४३ मध्ये सॉलोमन बेटांजवळ जपानी विनाशिकेच्या धडकेने त्यांची नौका दुभंगली आणि पाठीचे जुने दुखणे बळावले. १९४४ मधील शस्त्रक्रियेनेही आराम पडला नाही. १९५४ मध्ये, सिनेटर असताना, त्यांना कुबड्या घ्याव्या लागल्या.

त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कमध्ये धातूची पट्टी बसवून त्यांच्या कमरेखालचा भाग सांधण्यात आला. मणके सांधण्याच्या शस्त्रक्रियेत हाडे एकजीव व्हायला अनेक महिने लागतात. त्यात केनेडींना ॲडिसनचा विकार होता. या विकारात मूत्रपिंडांवरच्या ॲड्रीनल ग्रंथी पुरेशी संप्रेरके तयार करत नाहीत आणि शस्त्रक्रियेचा ताण शरीराला पेलत नाही. केनेडींना जंतुसंसर्ग झाला, ते बेशुद्ध पडले. धर्मगुरूंनी अखेरचे संस्कारही केले. ते बचावले, पण जखम चिघळतच राहिली. फेब्रुवारी १९५५ मध्ये पट्टी काढावी लागली. मे महिन्यात ते सिनेटमध्ये परतले, ते वेदना सोबत घेऊनच.

पुढे डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल यांनी दुखऱ्या स्नायूंत बधिरतेची इंजेक्शने दिली आणि झुलती खुर्ची सुचवली. आराम मिळे, पण तात्पुरता. १९६१ मध्ये कॅनडात झाड लावताना पाठ पुन्हा दुखावली. तेव्हा डॉ. हान्स क्राउस यांनी तपासले. पाठीचे आणि पोटाचे स्नायू कमकुवत व आखडलेले होते. त्यांनी इंजेक्शनांऐवजी नियमित व्यायाम सुरू केला. काही महिन्यांत केनेडींच्या हालचाली लक्षणीय सुधारल्या. कमरेचा पट्टा मात्र अखेरपर्यंत सुटला नाही.

आजची शस्त्रक्रिया तेव्हापेक्षा खूप सुरक्षित आहे. तरी ती हाडे सांधते. पाठीला आधार देणारे स्नायू रुग्णालाच हळूहळू घडवावे लागतात. म्हणून वेदनाशामके ठरल्या वेळी घ्यावीत, रोज थोडे चालावे. वाकणे, पिळणे, जड उचलणे टाळावे. व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच सुरू करावा. ताप, जखमेतून स्राव, पायांत अशक्तपणा किंवा लघवीला अडथळा जाणवल्यास मात्र तातडीने डॉक्टरांना गाठावे.