सिंगापूरचे डनमनसाहेब

मॉरिशसप्रमाणे सिंगापूर हेही एक छोटे बेट. आपले बेट उसावर वाढले, ते बेट बंदरावर आणि व्यापारावर वाढले. पण दोन्हीकडे माणसे आली ती समुद्र ओलांडून, नाना देशांतून, नाना भाषा बोलत. आपल्या पूर्वजांना मुंबईहून निघालेल्या जहाजांनी या किनाऱ्यावर आणून सोडले. त्याच काळात दुसरी जहाजे हिंदुस्थानातली माणसे सिंगापुरास नेत होती. त्यांत कोणी व्यापारी होते, कोणी मजूर होते, तर कोणी काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी होते. मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसलाही आणले गेले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांनी वाडवडिलांकडून ऐकले असेल.

आज त्या सिंगापुरात आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेचे, म्हणजे इंटरपोलचे, एक मोठे केंद्र आहे. ते एप्रिल २०१५ मध्ये रीतसर सुरू झाले. इंटरपोलचे १९६ देश सभासद आहेत आणि आपला मॉरिशसही त्यांत आहे. चोरीला गेलेला पासपोर्ट, फरारी गुन्हेगाराचे बोटांचे ठसे, त्याचे छायाचित्र, ही माहिती एका देशाचे पोलीस दुसऱ्या देशाच्या पोलिसांना आता काही क्षणांत पाठवू शकतात. गस्तीवरच्या शिपायाच्या खिशात मोबाइल असतो. ही सारी साधने नवी आहेत. पण पोलिसांना माहिती मिळते कशी आणि लोक ती देतात का, हा प्रश्न फार जुना आहे. ज्या माणसाने सिंगापुरात हा प्रश्न पहिल्याने नीट हाताळला, त्या टॉमस डनमन यांची हकीकत आम्ही या आठवड्यात वाचकांपुढे ठेवीत आहोत.

डनमन यांचा जन्म १८१४ सालचा. ते जातीचे इंग्रज. ते पाच वर्षांचे असताना, १८१९ मध्ये, रॅफल्स यांनी सिंगापुरास कंपनी सरकारचे ठाणे वसविले. पुढल्याच वर्षी तेथे पोलीस खाते निघाले. खाते म्हणजे काय, तर फ्रान्सिस बर्नार्ड नावाचा एक अधिकारी आणि त्याच्या हाताखाली एक कारकून, एक तुरुंगरक्षक, एक जमादार आणि थोडे शिपाई, अशी जेमतेम डझनभर माणसे. बंदर मात्र झपाट्याने वाढत गेले. १८५० च्या सुमारास तेथे पन्नास हजारांहून अधिक वस्ती झाली. त्यात चिनी लोकांची संख्या सर्वांत मोठी. शिवाय मलायी, बुगी, तमिळ, बंगाली, अरब, युरोपियन असे सगळे होतेच. राज्यकारभार दूर कलकत्त्याहून चाले.

अशा गावी १८४० मध्ये डनमन आले ते पोलीस म्हणून नव्हे. मार्टिन डाइस आणि कंपनी या व्यापारी पेढीत ते साहाय्यक म्हणून नोकरीस लागले. पेढीचे काम म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांशी गाठ. चिनी शेठ, मलायी नावाडी, हिंदी हमाल, जहाजांचे कप्तान, सर्वांशी त्यांचा संबंध येई. पुष्कळ युरोपियन लोक आपल्या बंगल्याबाहेरची वस्ती ओळखत नसत. डनमन मात्र सर्वांत मिसळत. सर्व जातींच्या पुढाऱ्यांशी त्यांची ओळख झाली होती आणि लोक त्यांच्याशी मोकळेपणाने बोलत. पुढे त्यांच्या हातून जे काम झाले, त्याचे मूळ या ओळखीत होते.

त्या दिवसांत सिंगापुरात दरोड्यांनी कहर केला होता. टोळ्या रात्री घरांवर चालून येत, आणि मूठभर शिपायांना त्यांच्या वाटेस जाण्याची छाती होत नसे. १८४३ मध्ये व्यापाऱ्यांनी सभा भरवून सरकारकडे गाऱ्हाणे मांडले. पोलिसांचा कारभार तोवर इतर कामांनी वाकलेल्या अधिकाऱ्यांकडे असे. त्याच साली सरकारने डनमन यांस पोलीस सुपरिंटेंडेंट आणि उपदंडाधिकारी नेमले. पेढीवरचा मनुष्य एकोणतिसाव्या वर्षी पोलिसांचा मुख्य झाला!

मलायी भाषेत शिपायाला माता-माता म्हणत. माता म्हणजे डोळा. शब्द किती नेमका! परंतु डनमन यांच्या हाती आलेले डोळे अर्धे मिटलेले होते. पगार इतका तुटपुंजा की चांगला मनुष्य पोलिसांत येईना. कामाचे तास फार, आणि बहुतेकांना अक्षरओळखही नव्हती. डनमन यांनी पगार वाढवून घेतला, कामाचे तास कमी केले आणि शिपायांसाठी रात्रीचे वर्ग काढून त्यांना लिहावाचावयास शिकविले.

आज हे ऐकून कोणास विशेष वाटणार नाही. पण जरा विचार करावा. पळालेल्या माणसाचा हुलिया, म्हणजे त्याचा रंग, उंची, अंगावरच्या खुणा, कागदावर लिहून एका चौकीतून दुसऱ्या चौकीत धाडला, आणि तेथल्या शिपायाला तो वाचताच आला नाही, तर त्या कागदाचा उपयोग काय? रात्री गस्तीत जे दिसले ते सकाळपर्यंत डोक्यातच राहिले, तर ते वरिष्ठांना कळणार कसे? ज्या काळी तार नव्हती, टेलिफोन नव्हता, त्या काळी लिहितावाचता येणारा शिपाई हेच माहिती नेण्याचे साधन होते.

त्यांचे दुसरे साधन म्हणजे त्यांच्या जुन्या ओळखी. चिनी वस्तीत तेव्हा गुप्त मंडळ्यांचा मोठा जोर होता. घी हिन ही त्यांतली प्रमुख. नव्याने उतरलेल्या मजुराला मंडळी काम पाही, आजारात मदत करी, मेल्यावर क्रियाकर्म करी. त्याबदली त्याची निष्ठा मंडळीला वाहिलेली असे. त्यामुळे न्यायालयात साक्ष द्यावयास कोणी धजत नसे. अशा ठिकाणी केवळ दंडुका चालत नाही. डनमन पुढाऱ्यांकडे स्वतः जात, विचारपूस करीत, आणि त्यांना आगाऊ खबर लागे. हळूहळू टोळ्यांचे दरोडे कमी झाले.

परंतु सारेच त्यांच्या हातात नव्हते. १८५३ मध्ये चीनच्या आमॉय बंदरात बंड झाले. तेथून पळालेले पुष्कळ लोक सिंगापुरास आले, आणि हॉकियन व तिओचू या दोन चिनी गटांत आधीच असलेली तेढ वाढली. ५ मे १८५४ रोजी तांदळाच्या वजनावरून दोन माणसांत भांडण जुंपले. एवढे निमित्त पुरले. दहा-बारा दिवस बेटभर कत्तल चालली. गावे जळाली, शेकडो घरे राखेस मिळाली, आणि मेलेल्यांचा आकडा चारशेच्या आसपास सांगितला जातो. पोलीस अपुरे पडले. सैन्य आणि जहाजांवरचे खलाशी बोलवावे लागले, आणि नागरिकांना तात्पुरते शिपाई करावे लागले. एका बंदरातली आग दुसऱ्या बंदरात कशी येऊन पोचते याचा हा कटू धडा होता. शेजारच्या देशात काय घडते आहे हे वेळेवर कळावे, आणि कळल्यावर त्याचा अर्थही लागावा, या दोन्ही गोष्टी लागतात.

१८५६ साली हिंदुस्थान सरकारने पोलिसांचा नवा कायदा केला. कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई या शहरांना जो कायदा, तोच पेनांग, सिंगापूर आणि मलाक्का यांना. त्यानंतर १८५७ मध्ये डनमन सिंगापूरचे पहिले पोलीस आयुक्त झाले. याच काळी मुंबईत पोलिसांचे मुख्य चार्ल्स फोर्जेट होते. ते वेष पालटून वस्तीत हिंडत आणि लोकांचे बोलणे चोरून ऐकत, अशी त्यांची ख्याती. फोर्जेट यांची रीत लपून ऐकण्याची, डनमन यांची रीत ओळख देऊन ऐकण्याची. दोघांनाही माहिती मिळाली. पण लोकांच्या मनात त्यातून जे उरते ते सारखे नसते.

डनमन यांच्या कारकिर्दीला डागही लागले, ते झाकून चालणार नाही. जानेवारी १८५७ मध्ये सिंगापुरातल्या चिनी दुकानदारांनी एकजुटीने दुकाने बंद ठेवली. कारण नवे पोलिसी आणि नगरपालिकेचे कायदे लागू झाले, पण त्यांत काय आहे हे लोकांना त्यांच्या भाषेत कोणी नीट समजावून सांगितले नव्हते. अफवा उठली आणि बाजार मिटला. पुढल्याच महिन्यात तेलोक आयर येथे तमिळ मुसलमानांच्या उत्सवात रस्ता मोकळा करण्यावरून पोलिसांशी चकमक झाली. पोलिसांनी गोळी झाडली आणि माणसे दगावली. लोकांकडून बातमी घेणारे सरकार लोकांना बातमी द्यावयास विसरले, की असे होते.

बाहेरच्या जगाशी सिंगापूरचा संबंध तेव्हा जहाजावर अवलंबून होता. १८४५ पासून पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटी टपाल आणू लागल्या. तरी कलकत्त्यास पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत चोर कुठल्या कुठे पोचलेला असे. १८५९ मध्ये सिंगापूर ते बटाव्हिया अशी तारेची दोरी समुद्रात टाकली, पण ती वरचेवर तुटली आणि सोडून द्यावी लागली. १८७१ मध्ये मात्र मद्रासहून पेनांगमार्गे सिंगापुरास तार आली आणि टिकली. योगायोग असा की त्याच साली डनमन निवृत्त झाले. म्हणजे अठ्ठावीस वर्षे त्यांनी जे काम केले ते पाय, होडी, कागद आणि ओळख यांच्या बळावर. आपल्या मॉरिशसला समुद्रातली तार पोचली ती त्यानंतर, १८९३ मध्ये.

याच वर्षांत आपल्या बेटावर काय चालले होते? १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या प्रत्येक हिंदी मजुराला छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. छायाचित्र हे त्या काळचे अगदी नवे साधन. पण ते कशासाठी वापरले गेले? पोलीस वाटेत अडवीत, आणि परवाना जवळ नसला की भटक्या म्हणून धरून नेत. आपल्या आजे-पणज्यांनी हे सोसले आहे. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ यांच्या साहाय्याने ९,४०१ जणांनी अर्ज केला, तेव्हा कोठे शाही चौकशी आयोग नेमला गेला आणि हा जुलूम उघड झाला. येथल्या पोलिसांपाशी माणसांची माहिती पुष्कळ होती, चेहरेसुद्धा होते. माणसांचा विश्वास तेवढा नव्हता.

निवृत्तीनंतर डनमन काही वर्षे सिंगापुरातच राहिले. कातोंग भागात ग्रोव्ह इस्टेट नावाची त्यांची नारळाची बाग होती. १८७५ मध्ये ते इंग्लंडला परतले आणि १८८७ मध्ये तेथेच वारले. बाग आता राहिली नाही, तेथे दाट वस्ती झाली. पण डनमन रोड आहे, आणि त्या रस्त्याच्या नावावरून नाव घेतलेली एक नामवंत शाळाही आहे. शिपायांना रात्री अक्षरे शिकविणाऱ्या माणसाचे नाव शाळेला लाभावे, हे आम्हांला उचित वाटते.

डनमन गेले त्याला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. पण त्यांचा धडा शिळा झालेला नाही, हे सिंगापुरातच अलीकडे दिसून आले. करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये तेथील सरकारने ट्रेसटुगेदर नावाची मोबाइलची योजना काढली. कोण कोणाच्या निकट आला होता हे त्यावरून कळे. ही माहिती फक्त रोग शोधण्यासाठीच वापरली जाईल, असे लोकांना वाटत होते, कारण त्यांना तसेच सांगण्यात आले होते. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत उघड झाले की फौजदारी कायद्याखाली पोलिसांनाही ती मागता येते, आणि एका खुनाच्या तपासात ती मागितलीही होती. लोक नाराज झाले. सरकारला चूक मान्य करावी लागली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नवा कायदा करून सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरतीच ही मुभा ठेवावी लागली. खुनाचा तपास व्हावा हे कोणाला नको होते? पण आधी एक सांगितले आणि नंतर दुसरे निघाले, ही गोष्ट लोकांना टोचली.

वाचकहो, पोलिसांना माहिती लागते. देशादेशांतल्या पोलिसांनी ती एकमेकांना द्यावी, हेही आवश्यक आहे. चोर, अफूगांजाचे व्यापारी, माणसे विकणारे दलाल सीमा जुमानीत नाहीत, आणि आपल्यासारख्या चहूकडून समुद्राने वेढलेल्या बेटाला तर शेजाऱ्यांच्या खबरीवाचून गत्यंतर नाही. परंतु ती खबर मुळात कोठून येते? कोणा दुकानदाराने, कोणा कोळ्याने, कोणा आईने चौकीची पायरी चढून सांगितलेली असते. ती पायरी चढताना त्यांना भय वाटू लागले, की यंत्र कितीही वेगवान असो, त्यात घालावयास काही उरत नाही. म्हणून आपली माहिती कोण घेतो, कशासाठी घेतो आणि पुढे कोणाला देतो, हे विचारण्याचा हक्क आपण सोडू नये. आणि चौकीवरच्या माणसाने हे सांगावयास कचरू नये. डनमनसाहेबांनी लोकांच्या दारी जाऊन जे मिळविले, ते याच देवाणघेवाणीतून मिळविले होते.