कै. डॉक्टर आनंदीबाई जोशी

आमच्या विद्यार्थ्यांची इंग्रजीची लेखी उत्तरे वाचताना आम्हांस बहुधा समाधान वाटते. परंतु तोंडी परीक्षेचा दिवस उजाडला म्हणजे तेच विद्यार्थी परीक्षकांपुढे मान खाली घालून उभे राहतात. तारापूरच्या किनाऱ्यावरून येणारा मुलगा घरी आपली बोली बोलतो, शाळेत ग्रंथांतील मराठी शिकतो, बोईसरच्या बाजारात हिंदी व गुजराती ऐकतो. इंग्रजी मात्र त्यास केवळ पुस्तकाच्या पानावर भेटते. त्याची जीभ अडखळली तर त्यात नवल ते काय? अशा विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे आज आम्ही एका मुलीचे चरित्र ठेवीत आहोत. ती काही परदेशातील नव्हे. पालघर हा स्वतंत्र जिल्हा २०१४ साली झाला. तोपर्यंत आपली गावे ज्या ठाणे जिल्ह्यात मोडत, त्याच जिल्ह्यातील कल्याणच्या जोशी घराण्यातील ती कन्या होय.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह पोस्टखात्यात नोकरीस असलेले विधुर गृहस्थ गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. पत्नीस शिकविण्याची मुभा मिळावी, एवढीच गोपाळरावांची अट होती. ज्या काळी मुलीच्या हाती पुस्तक दिसले की शेजारीपाजारी नाके मुरडीत, त्या काळी या गृहस्थांनी तिच्या हाती इंग्रजी पुस्तक दिले. त्यांचा ध्यास थोर होता, परंतु त्यांची रीत कठोर होती. अभ्यासात हयगय झाली की ते रागावत, प्रसंगी मारीतही. आणि पुढे अमेरिकेहून लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनीच त्यांस या माराची आठवण करून दिली. पालकांनी गोपाळरावांचा ध्यास अवश्य घ्यावा; त्यांचा हात मात्र घेऊ नये, अशी आमची विनंती आहे. ज्या मुलास घरीच तोंड उघडण्याची भीती वाटते, ते परक्या भाषेत तोंड कसे उघडणार?

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना पुत्र झाला, आणि तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळती तर कदाचित तो वाचता, हे शल्य त्या मातेच्या अंतःकरणात कायमचे राहिले. आपल्या देशातील स्त्रिया लज्जेमुळे पुरुष वैद्यास आपले दुखणे सांगत नाहीत. तेव्हा स्त्रियांनीच वैद्य झाले पाहिजे, असा त्यांचा निश्चय झाला. आमच्या मते त्यांच्या इंग्रजीचा खरा उगम येथेच आहे. तोवर ती भाषा पतीच्या धाकाने शिकावयाची होती. आता ती स्वतःच्या कार्यासाठी हवी झाली.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईस त्या काही काळ मिशनच्या शाळेत जात, तेव्हा रस्त्याने पुस्तके घेऊन चाललेल्या या ब्राह्मण स्त्रीची टवाळी होई. पुढे गोपाळरावांनी एका मिशनऱ्यास लिहिलेले पत्र अमेरिकेतील एका मासिकात छापून आले, आणि न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात ते १८८० साली आले. त्यांनी आनंदीबाईंस पत्र धाडले. पंधरा वर्षांच्या या मुलीने त्यास इंग्रजीत उत्तर दिले आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. सण, विवाहविधी, खाणेपिणे, स्त्रियांची दुःखे असे नाना विषय त्या पत्रांत येत. कार्पेंटरबाईंस त्या मावशी म्हणू लागल्या. निबंधाच्या वहीपेक्षा अशा जिव्हाळ्याच्या पत्रांनी भाषा अधिक वळते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता आम्ही त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या तोंडी परीक्षेकडे येतो. त्या अमेरिकेस जाणार ही वार्ता पसरताच चोहोकडून प्रश्नांचा भडिमार झाला. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात त्या भाषणास उभ्या राहिल्या. वय पुरते अठरा नव्हते, आणि भाषा इंग्रजी. त्यांनी पाठ केलेली सुभाषिते म्हणून दाखविली नाहीत. लोक जे प्रश्न विचारीत तेच सहा प्रश्न त्यांनी स्वतःपुढे मांडले: अमेरिकेस का जावयाचे, शिक्षणाची सोय येथेच नाही काय, एकटीने का जावयाचे, परतल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय, संकट ओढवल्यास काय करणार, आणि जे कोणा स्त्रीने केले नाही ते आपण का करावे. मग एकेकाचे उत्तर त्यांनी सरळ दिले. या देशात स्त्री-वैद्यांची नितांत गरज आहे, हे त्यांनी सांगितले. रस्त्यात आपली कशी अवहेलना होते, तेही लपविले नाही. आपण पोशाख व आहार बदलणार नाही, हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हे त्यांनी ख्रिस्ती लोकांच्या कॉलेजात उभे राहून निर्भयपणे सांगितले.

या स्थळाचा एक योगायोग आम्हांस फार हृद्य वाटतो. याच श्रीरामपुरात राहून विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याने पंडित वैजनाथ यांच्या साह्याने मराठीचा अभ्यास केला, आणि १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश प्रसिद्ध केला. एका इंग्रजास मराठी परकी होती. तो विद्यार्थी होऊन ती शिकला. पाऊणशे वर्षांनी एका मराठी मुलीने त्याच गावी इंग्रजीत आपले मन उघड केले. परकी भाषा शिकताना अडखळणे ही कोणा एका जातीची अथवा देशाची नामुष्की नव्हे.

७ एप्रिल १८८३ रोजी मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश मिळविला. थंडी सोसेना, प्रकृती ढासळू लागली, तरी अभ्यास सुटला नाही. आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर त्यांनी इंग्रजीत प्रबंध लिहिला, आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांस वैद्यकीय पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली.

परंतु ईश्वरी इच्छा निराळी होती. क्षयाने ग्रासलेल्या स्थितीत त्या १८८६ च्या अखेरीस स्वदेशी परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेस मावशींकडे पाठविण्यात आली व तेथील त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आली. ज्या रुग्णांसाठी त्यांनी समुद्र ओलांडला, त्यांतील एकीचीही नाडी कोल्हापुरात पाहण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. तथापि श्रीरामपुरात विचारलेल्या सहाव्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या जीवनाने पुरे केले. त्यांच्या मागून कितीतरी मुली त्या वाटेने गेल्या.

विद्यार्थिमित्रहो, तोंडी परीक्षेस जाताना प्रथम स्वतःस विचारा की मला सांगावयाचे काय आहे. लोक काय विचारतील ते आधी लिहून काढा, आणि प्रत्येकाचे खरे उत्तर शोधा. मग व्याकरणाची एखादी चूक झाली तरी थांबू नका. ज्याला काही सांगावयाचे आहे, त्याला शब्द उशिरा का होईना, सापडतातच.