आपल्याच तटाचा खोटा कागद

समाजांत दोन तट पडले म्हणजे प्रत्येकास आपल्या बाजूची वार्ता तेवढी खरी वाटूं लागते, व विरुद्ध बाजूचा मनुष्य नुसता चुकलेला न ठरतां थेट लबाड ठरतो. अशा वेळीं खरें-खोटें निवडावें कसें, हें ज्यांस जाणून घ्यावयाचें असेल त्यांनीं कै. गोपाळ गणेश आगरकर यांचें चरित्र अवश्य पाहावें, असें आम्हांस वाटतें.

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजीं कऱ्हाडनजीक टेंभू येथें दरिद्री कुटुंबांत झाला. कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी विद्येसाठीं वणवण करीत ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत पोंचले. मोठ्या पगाराच्या चाकरीची आशा सोडून त्यांनीं न्यू इंग्लिश स्कुलांतील शिक्षकाचा पेशा पत्करला, व १८८१ सालीं निघालेल्या 'केसरी'चें संपादकत्व अंगावर घेतलें.

पुढच्याच वर्षीं कसोटी आली. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत आहे या बातमीनें महाराष्ट्र हळहळत होता. कारभारी माधवराव बर्वे यांस दोषी ठरविणारीं पत्रें हातीं आलीं व त्यांच्या आधारें 'केसरी' आणि 'मराठा' या दोन्ही पत्रांनीं कडक टीका केली. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली; पत्रें बनावट ठरलीं. संपादकांनीं माफी मागितली, तरी टिळक व आगरकर यांस चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. सुटून आल्यावर लोकांनीं त्यांचा जयजयकार केला. १८८३ च्या डिसेंबरांत छत्रपतींचा अहमदनगर येथें नजरकैदेंतच करुण अंत झाला. म्हणजे लोकांची चिंता निराधार नव्हती. परंतु चिंता खरी म्हणून कागद खरा होत नाहीं, आणि जयजयकारानें तर मुळींच होत नाहीं! न्याय्य पक्षाची माणसेंही खोट्या पुराव्यास कशीं बळी पडतात याचा याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

पुढें मतभेद विकोपास जाऊन १८८७ त आगरकरांनीं 'केसरी' सोडला व १८८८ त 'सुधारक' काढला. रूढीचें प्राचीनत्व किंवा तिच्या पाठीराख्यांची संख्या हा तिच्या योग्यतेचा पुरावा नव्हे. ती बुद्धीच्या कसोटीस उतरली पाहिजे, हें त्यांच्या लेखनाचें सूत्र होतें. १८९१ चा संमतिवयाचा कायदा मुलींची वयोमर्यादा दहावरून बारावर नेणारा. त्यावरून पुणें दुभंगलें. समाजसुधारणेंत परक्या सरकारचा हात नको हा टिळकांचा आक्षेप विचार करण्याजोगा होता. कोवळ्या मुलींचे हाल थांबविण्यास किती वाट पाहावयाची, हा आगरकरांचा प्रश्नही तितकाच जबर होता. पण या दोन प्रश्नांचा शांतपणें मेळ घालण्यास सवड कोणास होती? विरोधकांनीं जिवंतपणींच आगरकरांची प्रेतयात्रा काढली.

आगरकरांचीही लेखणी तिखट होती, व त्या तिखटपणानें ऐकूं शकणारे कांहीं कान बंद झाले असतील, हें त्यांचे चाहते असूनही आम्हीं कबूल केलें पाहिजे. तथापि पुरावा मागण्याचा आपला हट्ट त्यांनीं टाळ्यांसाठीं सोडला नाहीं कीं शिव्यांसाठीं सोडला नाहीं. १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजच्या प्राचार्यपदावरून ते तरुणांस विचार करावयास शिकवीत राहिले. दम्यानें शरीर खंगत गेलें, आणि १७ जून १८९५ रोजीं, वयाची एकोणचाळीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ते निवर्तले.

विरुद्ध पक्षाचा कागद तपासावयास आम्हां सर्वांस हुरूप असतो. त्याला शिकवावें लागत नाहीं. आपल्या मनाजोगता कागद हातीं आला म्हणजे तो आधीं उजेडांत धरावा, व तो खोटा निघाल्यास तें आपणच प्रथम सांगावें. ही संवय ज्या समाजास लागेल त्यांत तट राहिले तरी सत्य बुडणार नाहीं. वाचकांनीं आजपासून स्वतःच्या घरांत व स्वतःच्या पक्षांत ती लावून घ्यावी, एवढीच आमची विनंति आहे.