कल्याणच्या आनंदीबाई आणि श्वासाचे शास्त्र

डॉ. आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयाने वारल्या. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. या मृत्यूचा सारा दोष त्या काळच्या सनातन्यांवर टाकून आपण मोकळे होतो. समाजाने त्यांना छळले, हे खरेच. परंतु त्यांचा प्राण खात्रीने वाचवील अशी विद्या तेव्हा जगात कोठेच नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

31 मार्च 1865 रोजी जन्मलेल्या या मुलीचे माहेरचे नाव यमुना. बालपण कल्याणात गेले. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांतच गेला. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय दृढ झाला. 1883 साली त्या पतीविना अमेरिकेस निघाल्या आणि 11 मार्च 1886 रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागावर नेमणूकही झाली. पण ढासळलेल्या प्रकृतीने ते काम हातून होऊ दिले नाही.

क्षयाचा जंतू कॉख यांनी 1882 साली दाखवून दिला होता. औषध मात्र नव्हते. शस्त्रक्रिया करावी, तर छाती उघडणेच जिवावरचे होते. छातीची भिंत व फुप्फुस यांमधील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फुप्फुस फुगलेले राहते. छातीला मोठा छेद देताच हवा आत शिरते व त्या बाजूचे फुप्फुस आकसते. रुग्ण स्वतः श्वास घेत असेल, तर हृदयासह छातीचा मधला भाग दर श्वासाला चांगल्या बाजूकडे ओढला जातो व उच्छ्वासाबरोबर परत येतो. वापरलेली हवा एका फुप्फुसातून दुसऱ्यात हेलपाटे घालते. श्वास चालू असूनही माणूस गुदमरतो.

या अडचणीवर 1904 साली ब्रेस्लाऊ येथे साउअरब्रुख यांनी कमी दाबाची खोली तयार केली. रुग्णाचे धड व शल्यविशारद आत, डोके बाहेर. पुढे श्वासनलिकेत नळी घालून यंत्राने हवा देण्याचा प्रघात पडला. आज निवडक रुग्णांची छाती बधिर करून, त्यांचा श्वास चालू ठेवून, लहान छिद्रातून शस्त्रक्रिया करता येते. आकसलेले फुप्फुस तेव्हा कामाला जागा देते आणि दुसरे श्वासाचा भार वाहते. जुना धोका नीट उमजला, म्हणूनच हे साधले.

क्षयावरील पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 साली सापडले. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा छप्पन्न वर्षे लोटली होती. आज बहुतेक क्षयरोगी औषधानेच बरे होतात आणि सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. तरीही दोन-दोन आठवड्यांचा खोकला लोक अंगावर काढतात, घरात सून आजारी पडली तर तो लपवितात. आनंदीबाईंच्या वेळी विद्याच नव्हती. आज ती दाराशी असताना कल्याण-डोंबिवलीत कोणी क्षयाने दगावले, तर तो दोष मात्र आपल्याला कोणावरही ढकलता येणार नाही.